कामाच्या रगाड्यातला विसावा
(पंडिता रमाबाई यांचे अल्प चरित्र)

भगिनींनो, देवाचे काही करायला सवड होत नाही, ही आपणा बायकांची नेहमीची तक्रार. पहाटे चूल पेटते ती रात्री झाकपाक होईपर्यंत हात रिकामा असा नसतोच. मुले मोठी झाली की बघू, सुना घरात आल्या की बघू, असे म्हणता म्हणता आयुष्य सरते आणि सवड काही येत नाही. ज्या बाईला आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठा संसार सांभाळावा लागला, जिच्या पंक्तीला रोज दोन हजार माणसे होती, जिच्यावर परक्यांनी आणि आपल्यांनीही टीकेचा भडिमार केला, तिने मनाचा विसावा कोठे शोधला असेल? तो तिला मिळाला का? की तीही आपल्यासारखीच सवडीची वाट पाहत राहिली? या प्रश्नांचे उत्तर शोधताना पंडिता रमाबाई डोळ्यांपुढे येतात.

रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, म्हणून आपल्या समाजाने त्यांचे नाव पुष्कळ दिवस दूर ठेवले. घरात त्यांचे नाव निघाले तर वडील मंडळी विषय बदलीत. आता तो काळ मागे पडला आहे. शिवाय त्यांच्या चरित्राशी आपल्या देवरूखचा एक जवळचा धागा आहे. तो पुढे ओघाने येईलच.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दाट रानात, गंगामूळ या ठिकाणी झाला. हे ठिकाण आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे चित्पावन ब्राह्मण, संस्कृताचे मोठे पंडित. तरुणपणी पुण्यास असताना पेशव्यांच्या वाड्यात एक राणी संस्कृत शिकते हे त्यांनी पाहिले आणि आपल्या पत्नीलाही शिकवायचे असे मनाशी घेतले. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्यांनी ते चालू दिले नाही. पुढे उतारवयाकडे झुकताना लक्ष्मीबाईंशी लग्न झाले, तेव्हा त्यांनी तो हेतू तडीस नेला. बाईमाणसाला देववाणी शिकवल्याबद्दल त्यांना शास्त्र्यांच्या सभेत जाब द्यावा लागला. ग्रंथांचे आधार दाखवून त्यांनी तो दिला आणि पत्नीला घेऊन रानात राहायला गेले.

तेथे त्यांचा आश्रम चालला. विद्यार्थी येत, यात्रेकरू येत. आल्यागेल्याला जेवू घालता घालता घरची पुंजी संपली आणि कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडले. रमा तेव्हा सहा महिन्यांची होती. वेताच्या पेटाऱ्यात घालून एका माणसाच्या डोक्यावरून तिला डोंगराखाली आणले, असे सांगतात. त्यानंतर या कुटुंबाला घर असे राहिलेच नाही. देवळात, धर्मशाळेत, झाडाखाली मुक्काम करायचा, पुराण सांगायचे आणि मिळेल त्या शिध्यावर गुजराण करायची, असा त्यांचा क्रम होता.

वडील थकले होते, म्हणून रमेला आईने शिकवले. पण आईला दिवसा कोठली फुरसत? स्वयंपाक, पाणी, पुराण, येणारे जाणारे यांतच दिवस जाई. म्हणून ती माउली पहाटे, अजून उजाडायचे असतानाच, लेकीला लाडिक हाका मारून उठवी. पाखरे जागी होत असत आणि मायलेकींचे पाठांतर सुरू होई. या पहाटेच्या शाळेत रमेने भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत केले. त्या पाठांतराची पुढे सगळीकडे वाहवा झाली. आईने त्याबरोबर आणखीही एक गोष्ट दिली, ती म्हणजे पहाटेची वेळ. दिवसाची धावपळ सुरू होण्याआधीचा तो शांत प्रहर रमाबाईंनी जन्मभर जपला. धर्म बदलला, देश बदलला, माणसे बदलली. पण पहाट सुटली नाही.

पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. भिक्षा मागायची नाही हा अनंतशास्त्र्यांचा बाणा होता आणि अंगमेहनतीची सवय नव्हती. होते नव्हते ते दागिने आणि भांडी विकून झाली. मग रानातला पाला खाण्याची पाळी आली. १८७४ साली अनंतशास्त्र्यांनी देह ठेवला. अखेरच्या वेळी त्यांनी धाकट्या लेकीला जवळ घेतले आणि तुला मी देवाच्या हाती दिले आहे, त्याचीच हो, त्याचीच सेवा कर, अशा अर्थाचे चार शब्द सांगितले. वडिलांची दृष्टी तेव्हा गेलेली होती. लेकीचा चेहराही त्यांना दिसत नव्हता. सोळा वर्षांच्या त्या पोरीने हे शब्द पदरात बांधून घेतले. थोड्याच आठवड्यांत आई गेली आणि मागोमाग थोरली बहीण कॉलऱ्याने गेली.

उरले बहीणभाऊ, रमा आणि श्रीनिवास. दोघांनी पायी सारा हिंदुस्थान पालथा घातला. थेट पंजाब-काश्मीरपर्यंत गेले. अंगावर धड पांघरूण नसे. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत त्यांनी वाळूत दोन खड्डे खणले, त्यांत स्वतःला घातले आणि वरून कोरडी वाळू ओढून घेतली. तीर्थे झाली, व्रते झाली, उपास झाले. शास्त्रात सांगितलेले सर्व काही आपण केले, तरी देव प्रसन्न झाल्याची खूण मिळाली नाही, असे त्या दोघांना वाटू लागले. रमाबाईंच्या मनाची तळमळ येथून सुरू होते.

१८७८ साली दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती अशा पदव्या दिल्या. गावोगावी स्त्रीशिक्षणावर व्याख्याने होऊ लागली. पण सुखाचे दिवस थोडेच होते. १८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, तेव्हा दोन्हीकडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकले. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबाबू कॉलऱ्याने गेले. चोविसावे वर्ष पुरे व्हायच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती अशी सारी माणसे गेली आणि कडेवर दहा महिन्यांची पोर राहिली.

दुसरी एखादी खचली असती. रमाबाई १८८२ साली पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. मुलींच्या शाळांत शिक्षिका हव्यात आणि बायकांसाठी बाई डॉक्टर हव्यात, ही मागणी त्यांनी सरकारपुढे ठासून मांडली. आपणही डॉक्टर व्हावे या हेतूने १८८३ साली त्या मुलीला घेऊन विलायतेस गेल्या. पण कानांनी दगा दिला. त्यांना कमी ऐकू येत असे, त्यामुळे डॉक्टरीचा मार्ग बंद झाला.

वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या उतरल्या होत्या. तेथल्या भगिनींनी त्यांना लंडनमधील एक आश्रम दाखवला. समाजाने पतित म्हणून दूर लोटलेल्या बायकांना तेथे मायेने सांभाळीत. अशा बायकांना जवळ करणारा धर्म आहे तरी कसा, हे जाणून घेण्याची ओढ त्यांना लागली आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात हलकल्लोळ झाला. पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकवले. स्वभाव मूळचाच स्वतंत्र, त्यामुळे मठातल्या गुरुभगिनींशीही त्यांचे वाद होत. मी एका जोखडातून सुटले ती दुसरे मानेवर घेण्यासाठी नव्हे, असा त्यांचा एकंदर रोख असे. आहार शाकाहारी आणि पोशाख हिंदी, तो त्यांनी तेथेही सोडला नाही.

१८८६ साली आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या, त्या पदवीदान समारंभाला रमाबाई मुद्दाम अमेरिकेत गेल्या. तेथे त्यांनी हिंदू विधवांच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले, गावोगावी व्याख्याने दिली आणि विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. १८८९ च्या फेब्रुवारीत त्या मुंबईस परतल्या आणि ११ मार्च रोजी चौपाटीवर शारदा सदन सुरू झाले.

आता देवरूखचा धागा. देवरूखच्या जोशांची मुलगी गोदूबाई. बालपणी नातूंच्या घरी दिली आणि थोड्याच महिन्यांत कपाळ पुसले गेले. केशवपन झाले. सासरच्या घरी राबण्यात वर्षे गेली. तिचे बंधू नरहरपंत जोशी मुंबईस शिकत होते. त्यांनी धीर केला, बहिणीला मुंबईस नेले आणि शारदा सदनात घातले. सदनात आलेली पहिली विधवा ती हीच. ऐन तारुण्यातली ही बाई आता पाटी-पेन्सिल घेऊन धडे गिरवू लागली. केस वाढले. मान वर करून चालायची सवय झाली. नरहरपंतांचे स्नेही धोंडो केशव कर्वे यांची पत्नी १८९१ साली वारली होती. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात कर्व्यांचा आणि गोदूबाईंचा पुनर्विवाह झाला. त्या आनंदीबाई झाल्या. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखू लागला. या लग्नापायी मुरुडकरांनी कर्व्यांना वाळीत टाकले. तरी हिंगण्याच्या आश्रमासाठी बायांनी दारोदार फिरून वर्गणी गोळा केली. ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात त्यांनी आपली सारी हकीकत सांगून ठेवली आहे. गंमत अशी की कर्वे आणि रमाबाई एकाच वर्षी, एकाच महिन्यात, अवघ्या पाच दिवसांच्या अंतराने जन्मलेले. आपल्या गावची लेक एकीच्या हाताखाली घडली आणि दुसऱ्याच्या संसारात उभी राहिली. सदनात चार वर्षे राहूनही ती हिंदूच राहिली, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, रमाबाईंचे सारे मनासारखे झाले. आतली गोष्ट निराळी होती. त्यांनी स्वतः पुढे मोकळेपणाने लिहून ठेवले आहे की, बाप्तिस्मा घेतल्यावरही मनाची तळमळ थांबली नव्हती. धर्म मिळाला होता, त्यातली तत्त्वे पटली होती. परंतु ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो देव काही भेटला नव्हता. आपण पुरेशा चांगल्या नाही, आणखी काहीतरी केले पाहिजे, ही टोचणी रात्रंदिवस असे. लहानपणी व्रते आणि तीर्थे करताना जी धाप लागली होती, तीच आता सत्कार्ये करताना लागत होती.

१८९१ सालाच्या सुमारास एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या हाती पडले. हा गृहस्थ वर्षानुवर्षे लोकांना उपदेश करीत होता आणि देवाची ओळख त्यालाच पटलेली नव्हती. ते वाचताना रमाबाईंना आरशात पाहिल्यासारखे झाले. देवाची कृपा कमावून मिळवायची नसते, ती पदर पसरून घ्यायची असते, एवढीच गोष्ट त्यांना उमगली. आपल्या पापपुण्याचा, यशापयशाचा सारा हिशेब त्यांनी ख्रिस्ताच्या पायी ठेवला आणि जन्मात पहिल्यांदा मन निवांत झाले. वडिलांनी आपल्याला देवाच्या हाती दिले होते, त्या हाती आपण आज खऱ्या अर्थाने पोहोचलो, असे त्यांना वाटले.

हा विसावा मिळाला आणि त्यापुढेच खरे वादळ आले. सदन १८९० साली पुण्यास हलवले होते. तेथे धर्माच्या बाबतीत कोणावर सक्ती करायची नाही, ज्या मुलीचा जो धर्म तो तिने पाळावा, असा करार होता. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. हळूहळू काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. झाले. वर्तमानपत्रांतून गवगवा झाला, ‘केसरी’ने तोफ डागली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून १८९३ साली बाहेर पडले. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. ज्यांनी विश्वासाने मुली पाठवल्या, त्यांना फसवणूक झाली असे वाटले. त्यांच्या वाटण्यातही काही अर्थ होता, हे न्यायाने म्हटले पाहिजे. मजा अशी की ख्रिस्ती मंडळींतही काही जण रुष्ट होते. शाळेत उघड धर्मोपदेश नाही, मग ही कसली ख्रिस्ती, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही बाजूंनी मार. रमाबाईंनी दार लावले नाही आणि कोणा मुलीला आत ओढलेही नाही. उरलेल्या मुलींना घेऊन शाळा चालू ठेवली.

मग आले १८९६ चे साल. मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. दुष्काळ म्हणजे काय हे रमाबाईंना कोणी सांगायला नको होते. पाला खाऊन काढलेले दिवस, भुकेने गेलेले आईबाप, सारे डोळ्यांपुढे उभे राहिले. त्या स्वतः तेथे गेल्या. मुली रस्त्यावर हाडांचे सापळे होऊन पडल्या होत्या आणि त्यांना पळवून नेणारे लांडगे टपून बसले होते. रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या. त्यांना ठेवायचे कोठे? पुणे-सोलापूर रेल्वेवर, पुण्यापासून सुमारे पस्तीस मैलांवर केडगाव येथे त्यांनी आधीच सुमारे शंभर एकर माळजमीन घेऊन ठेवली होती. १८९७ साली पुण्यात प्लेग होता आणि शहरात एवढी माणसे ठेवायला सरकारची मनाई झाली. तेव्हा सारा लवाजमा केडगावच्या माळावर गेला. प्रथम तंबू आणि झोपड्या, मग पक्क्या इमारती झाल्या. १८९८ साली त्याचे नाव मुक्ती ठरले. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा आणखी शेकडो जणी आल्या आणि केडगावचा हा संसार सुमारे दोन हजारांवर गेला.

भगिनींनो, आपल्याकडे चार पाहुणे आले तर आपण किती भांबावतो! येथे दोन हजार. त्यांतल्या कित्येक आजारी, कित्येक अर्धपोटी राहून हिंस्र झालेल्या, कित्येकींना अंग धुण्याचीही सवय नाही. त्यांचे दळण, कांडण, पाणी, कपडे, औषध, शाळा, भांडणे असे सारे रमाबाईंच्या डोक्यावर. त्यांनी विहिरी खणवल्या, शेती आणि फळबागा केल्या, गाईगुरे ठेवली, माग घातले, तेलाची घाणी आणि छापखाना उभारला. प्रत्येकीला काहीतरी काम यायलाच हवे, हा दंडक होता. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन निघाले. लंडनला पाहिलेल्या त्या आश्रमाचे बीज येथे रुजले. म्हाताऱ्या-अपंगांसाठी प्रीतिसदन होते. आंधळ्या बायकांना बोटांनी वाचायला शिकवले जाई.

आणि या सर्वाला पैसा? अमेरिकेतून मदत येई, पण दोन हजारांचा खर्च ठरीव मदतीत भागणारा नव्हता. तेव्हा रमाबाईंनी एक पद्धत ठेवली. लोकांपुढे हात पसरायचा नाही. जे हवे ते देवाजवळ मागायचे आणि येईल त्यात भागवायचे. वर्गणीच्या याद्या करून दारोदार जाणाऱ्या आपणा मंडळवाल्यांना हे विचित्र वाटेल. बाया कर्व्यांनी दारोदार फिरूनच आश्रम उभा केला, तेही तितकेच थोर काम. पण रमाबाईंच्या पद्धतीतले मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. काम माझे, पण काळजी माझी नाही, अशी त्यांनी वाटणी करून टाकली होती. दिवसभर हात चालत; पण उद्याच्या चिंतेचे ओझे त्या पहाटेच उतरवून ठेवीत. त्यांचा विसावा हा असा होता. काम टाकून बसण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, उपासनेसाठी काम थांबे. बाकी सहा दिवस कामाला खंड नसे आणि रोजच्या पहाटेलाही खंड नसे.

देवावर भार टाकला म्हणून त्यांनी अन्याय मुकाट्याने गिळला, असेही नाही. पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात बायकांची जी आबाळ झाली, तिच्याविषयी त्यांनी १८९७ साली वर्तमानपत्रात कडक पत्र लिहिले. मुंबईच्या गव्हर्नरांना त्याचा इन्कार करावा लागला आणि गोष्ट विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेली. ज्याचे मन निवांत असते, त्याला बोलायचे तेथे बोलण्याचे धैर्यही असते.

१९०५ च्या आरंभी त्यांनी मुलींचा एक प्रार्थनेचा मेळा सुरू केला. प्रथम सत्तर जणी होत्या, पुढे कित्येक शेकडा झाल्या. त्या वर्षी मुक्तीत भक्तीची मोठी लाट उसळली, तिची वार्ता देशोदेशी गेली. कीर्ती झाली, पाहायला लोक येऊ लागले. रमाबाई मात्र त्या गर्दीतून हळूच बाजूला झाल्या आणि एका कामात गढून गेल्या. ते काम बायबलाच्या मराठी भाषांतराचे. आधीचे भाषांतर खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला नीट समजत नाही, त्यातले संस्कृत शब्द निराळाच अर्थ मनात आणतात, असे त्यांचे मत होते. म्हणून पन्नाशीच्या आसपास त्या हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकल्या. सर्व हिंदुस्थान जिच्या संस्कृताने थक्क झाला, तिने मुद्दाम साध्या, घरगुती मराठीत लिहायला घेतले. मुक्तीतल्याच बायका खिळे जुळवीत, छापीत, बांधणी करीत. एकेकाळी रस्त्यावर सापळा होऊन पडलेली पोर आता ग्रंथाची पाने जुळवीत होती. सुमारे अठरा वर्षे हे काम चालले.

ऐकू कमीच येई, ते वयाबरोबर आणखी कमी झाले. १९१९ साली सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. ते घ्यायला जाण्याइतकीही प्रकृती उरली नव्हती. सर्वांत मोठा घाव अखेरीस बसला. मनोरमा शिकून आईच्या हाताखाली उभी राहिली होती, शाळा चालवीत होती, आईनंतर तीच सारे पाहील असा सर्वांचा भरवसा होता. ती २४ जुलै १९२१ रोजी मिरजेस वारली. वयाच्या चाळिसाव्या वर्षी. दहा महिन्यांची असताना कडेवर घेऊन जिच्यासाठी रमाबाई उभ्या राहिल्या, ती एकुलती एक लेकही गेली.

विसाव्याची खरी परीक्षा अशा वेळी होते. सुखात देव सर्वांनाच आठवतो आणि गोडही वाटतो. लहानपणी आईबाप गेले तेव्हा याच रमेने देवाने आपल्याकडे पाठ फिरवली असे मानले होते. त्या वेळची तडफड आणि या वेळची शांतता यांत सारे आयुष्य उभे आहे. दुःख झाले नाही असे कोण म्हणेल? आईच ती. पण त्या पुन्हा हस्तलिखितापाशी बसल्या, मुद्रिते तपासू लागल्या. कामाची नीट व्यवस्था लावून दिली. ५ एप्रिल १९२२ रोजी, वयाची चौसष्ट वर्षे पुरी व्हायला काही दिवस असताना, केडगाव येथे त्यांनी डोळे मिटले. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ साली छापून बाहेर पडले. केडगावचे मुक्ती मिशन आजही निराधार बायका-मुलांना आसरा देत आहे. १९८९ साली भारत सरकारने रमाबाईंचे टपाल तिकीट काढले. एकेकाळी ज्यांचे नाव घेणेही टाळत, त्यांचा मुखडा असा घरोघर पोहोचला.

आपण त्यांच्या धर्मांतराशी सहमत असू वा नसू. तो ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. त्यांच्या चरित्रातून आपल्या रोजच्या जिण्यासाठी घेण्यासारखे पुष्कळ आहे. पहिली गोष्ट, सवड मिळत नाही, ती काढावी लागते. रमाबाईंच्या आईने ती पहाटेत काढली आणि लेकीने ती जन्मभर राखली. दुसरी गोष्ट, सत्कार्य हेसुद्धा माणसाला दमवते. मी केले, मीच करते, माझ्यावाचून अडेल, ही भावना मनात असली की देवळाची झाडलोटही ओझे होते आणि मंडळाचा हळदीकुंकू समारंभही. ती भावना देवापाशी ठेवली की तेच हात, तेच काम, पण मन हलके होते. आणि तिसरी गोष्ट, विसावा मिळालेली बाई घरात कोंडून बसत नाही. तिचे दार उघडे राहते आणि ज्यांना कोणी नाही, त्या त्या दारातून आत येतात.

आपल्या देवरूखला अशा उघड्या दाराची ओळख नव्याने करून द्यायला नको. १९५४ साली इंदिराबाई हळबे, आपल्या मावशी, यांनी मातृमंदिराचे काम याच गावात सुरू केले आणि कोणाची जात वा धर्म न पुसता अडलेल्या-नडलेल्यांना जवळ केले. शारदा सदनाच्या दारातून शतकापूर्वी आत गेलेली आपली गोदूबाई आणि मातृमंदिराच्या दारात उभ्या राहिलेल्या मावशी यांच्यामधले अंतर वाटते तितके मोठे नाही.

मंडळाच्या या वर्धापनदिनी आपणही नवे संकल्प करू, नवी कामे अंगावर घेऊ. ती घेताना प्रत्येकीने रोजच्या दिवसातला एक लहानसा तुकडा, मग तो पहाटेचा असो, तुळशीपुढल्या सांजवातीचा असो, नमाजाचा असो वा बायबल उघडण्याचा असो, फक्त देवासाठी राखून ठेवावा. तेवढा राखला तर बाकीचा दिवस त्यावर उभा राहतो. केडगावच्या माळावर दोन हजारांचा संसार ज्या एका पहाटेवर उभा राहिला, त्या पहाटेवर आपला चार-सहा माणसांचा संसार उभा राहायला काय हरकत आहे?